घरमालक व्हायचंय? आधी हिशोब मांडा

आपल्या पोरांना आता घरमालक व्हायचंय. एक फ्लॅट घ्यायचा. भाड्यानं द्यायचा. भाड्यातून बँकेचा हप्ता फेडायचा. वीस वर्षांनी फुकटात मालक. ही चार वाक्यं मी गोदीत ऐकतो, नाक्यावर ऐकतो, गावाकडं गेलो की कळमनुरीच्या एसटी स्टँडवरही ऐकतो. सांगणाऱ्याला म्हणलं, बाबा, आकडा सांग, की तो तोंड फिरवतो.

यात हसण्यासारखं काही नाही. ज्याच्या आज्याला वेशीबाहेर झोपडी घालावी लागली, त्याच्या नातवाला स्वतःच्या नावाची पाटी हवीशी वाटली तर ती भूक खरी आहे. पण शिळंपाकं भुकेल्यालाच खपवतात, हेही तितकंच खरं. म्हणून हा लेख. मी मॅट्रिक झालेला माणूस. हिंगोली जिल्ह्यातून मुंबईला आलो, गोदीत ठेकेदाराच्या हाताखाली माल चढवतो, उतरवतो, रात्री कविता लिहितो. अर्थशास्त्र शिकलेलो नाही. पण दिवसभर गोण्या मोजणाऱ्याला व्याजही मोजता येतं. आणि ज्याला मोजता येत नाही त्याच्या पाळीच्या गोण्या मुकादमाच्या वहीत कायम कमीच लागतात.

आधी आपल्यातल्याच काही साथींचा आक्षेप निकालात काढू. ते म्हणतात, भाडं म्हणजे बसून खाणं. बसून खाणारा तो शोषक. मग चळवळीतल्या पोरानं घरभाडं खावं का?

सवाल रास्त आहे. त्याचं उत्तर बाबासाहेबांच्या व्यवहारात सापडतं. १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक त्यांनीच मांडलं. खोत म्हणजे जन्मानं वसुलीचा हक्क घेऊन आलेला, वेठ राबवणारा, कुळाला जमिनीवरून कधीही हुसकणारा. त्या भाड्याविरुद्ध ते उभे राहिले. आणि त्याच बाबासाहेबांनी त्याच दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत दोन प्लॉट घेऊन, कर्ज काढून, दोन इमारती बांधल्या. एक राजगृह, राहायला आणि पुस्तकं ठेवायला. दुसरी चारमिनार, भाड्यानं द्यायला. होय दोस्तहो, रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणाऱ्या, परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षं काढलेल्या आपल्या बापानं भाड्यानं द्यायला इमारत बांधली होती. हे आपल्या जयंतीच्या भाषणात कुणी सांगत नाही.

पुढचं ऐका. १९४१ साली त्यांनी चारमिनार विकून टाकली. कर्ज होतं, पुस्तकांची देणी होती. राजगृह ठेवलं, चारमिनार सोडली. मला यात सबंध धडा दिसतो. राहतं घर आधी, भाड्याचं नंतर. कर्ज काढलं ते स्वतःच्या कमाईच्या जोरावर. आणि भाड्याची इमारत ही पुजायची मूर्ती नव्हती. पुस्तक आणि इमारत यात निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी पुस्तक निवडलं. आज आपला एखादा साहेब झालेला माणूस इमारत निवडतो आणि पुस्तकं रद्दीत घालतो. त्याला बाबासाहेबांचं नाव घेऊन भाडं खायचा हक्क नाही, एवढंच मी म्हणेन.

पण आपल्यासाठी भाड्याचा प्रश्न नुसत्या पैशाचा कधीच नव्हता. तो दाराचा प्रश्न आहे. १९१७ साली कोलंबियाची पदवी आणि लंडनचं शिक्षण पाठीशी घेऊन बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर त्या अख्ख्या शहरात त्यांना भाड्यानं खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. खिशात पगार होता, डोक्यात अख्खं अर्थशास्त्र होतं. दार मात्र बंद.

तुम्ही म्हणाल, ते १९१७. आता काय? आता सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या भाड्याच्या घरांची तपासणी केली आणि २०१५ साली छापली. पगार तोच, नोकरी तीच, फक्त नाव वेगळं. दलित नाव सांगितलं की नकार, मुसलमान नाव सांगितलं की त्याहून जास्त नकार. २००५ साली तर सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात ठरवलं की गृहनिर्माण सोसायटी आपल्याच समाजापुरतं सभासदत्व ठेवू शकते. दुसरीकडं १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. त्याचं चौथं कलम सांगतं की कुठल्याही वस्तीत घर बांधायला, घ्यायला, राहायला अस्पृश्यतेच्या कारणानं आडकाठी करणं हा गुन्हा आहे. पण नकार देणारा घरमालक अस्पृश्यता हा शब्द उच्चारतो कशाला? तो म्हणतो, खोली कालच गेली.

हिंगोलीत हेच चालतं. सेनगाव, औंढा, वसमतच्या खेड्यातून पोरगं जिल्ह्याच्या गावाला येतं. बारावीला, कॉलेजला, पोलीस भरतीच्या तयारीला. खोली बघायला जातं. पहिला सवाल, गाव कोणतं? दुसरा, आडनाव काय? तिसऱ्या सवालाची गरज पडत नाही. वसतिगृहात जागा मर्यादित. ज्यांना ती मिळत नाही अशा अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सरकारनं २०१६-१७ पासून स्वाधार योजना काढली. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये, त्यातले राहण्यापोटी १२,०००. म्हणजे महिन्याला हजार रुपये. हा पैसा बाबासाहेबांच्या नावानं येतो आणि जातो कुणाच्या खिशात? आडनाव विचारणाऱ्याच्या. तोही उपकार केल्यासारखा, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीसाठी घेतो.

आता माझा मुद्दा सांगतो. आपल्या पोरांना खोल्यांची गरज आहे आणि आपल्या कमावत्यांना चार पैशाच्या दुसऱ्या उत्पन्नाची. ह्या दोन गरजांची गाठ हिंगोलीत, कळमनुरीत, वसमतमध्ये पडू शकते. बदलापूरच्या सातव्या मजल्यावर ती पडत नाही. पण त्या खोलीपर्यंत जायला मधे काही हिशोब आहेत. ते ओलांडून जो उडी मारील तो सावकाराच्या अंगणात पडेल.

पहिला हिशोब फ्लॅटचा. समज, मुंबईबाहेर २० लाखांचा छोटा फ्लॅट घेतोस. ५ लाख तुझे, १५ लाख बँकेचे, व्याज शेकडा ९, मुदत २० वर्षं. हप्ता बसतो महिना साधारण १३,५००. समज, भाडं आलं ६,०००. मग वरचे साडेसात हजार दरमहा तुझ्या मजुरीतून. सोसायटीचा खर्च धर महिना हजार. वर्षातून एक महिना खोली रिकामी धर. वर्षाला एक लाख आठ हजार रुपये तू स्वतःच्या खिशातून ओततोस. वीस वर्षांत बँकेला जातात ३२ लाखांच्या वर. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च वेगळाच.

दलाल म्हणेल, भाव वाढतो की! वाढतही असेल. पण वाढलेला भाव ताटात वाढता येत नाही, त्यासाठी घर विकावं लागतं. आणि तोवर पाळी बंद पडली, ठेकेदार बदलला, स्लिंग तुटून पायावर आली, तर बँक दोन-तीन हप्त्यांतच दारात उभी राहते. साधी कसोटी लक्षात ठेव. वर्षाचं भाडं भागिले घराची किंमत. वरच्या फ्लॅटचं भाडं वर्षाला ७२,०००, किंमत २० लाख. म्हणजे शेकडा ३ रुपये ६० पैसे. त्याच्यासाठी शेकडा ९ चं व्याज भरायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ज्याच्याकडं वडिलार्जित पैसा आहे त्याला हा खेळ परवडतो. ज्याच्याकडं फक्त दोन हात आहेत त्याला नाही.

दुसरा हिशोब देण्याचा. आपल्या भागात कर्ज कसं असतं ते बँकेच्या जाहिरातीत येत नाही. दिवाळीच्या आधी ऊसतोडीचा मुकादम उचल देतो. ती उचल म्हणजे अजून न तोडलेल्या उसावरचं कर्ज. कोयता फिरायच्या आधीच पैसा घरच्या आजारपणात, लग्नात गेलेला असतो. मग सावकार. शेकडा ५ रुपये महिना. लोक म्हणतात, पाचच तर रुपये. अरे, महिन्याला पाच म्हणजे वर्षाला साठ! ५०,००० घेतलेस तर वर्षाला ३०,००० नुसतं व्याज आणि मुद्दल जागच्या जागी. जगातली कुठली खोली तुला शेकडा साठ भाडं देणार आहे? म्हणून सांगतो, अंगावर सावकाराचं कर्ज असताना प्लॉट बघायला जाणारा शहाणा नव्हे. ते कर्ज फेडणं हीच त्याची पहिली गुंतवणूक. बचत गटाच्या नावाखाली माय-बहिणीच्या डोक्यावर दोन-दोन कंपन्यांचे आठवड्याचे हप्ते असतील तर तेही आधी. जे व्याज सगळ्यात जड ते सगळ्यात आधी फेडायचं, मग भावकी काय म्हणते ते म्हणू दे.

सावकार दम देत असेल तर एवढं माहीत असू दे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानं परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आहे. बेकायदा सावकारानं व्याजापोटी जमीन किंवा घर लिहून घेतलं असेल आणि त्याला पंधरा वर्षं उलटली नसतील, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो. चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर ती मालमत्ता परत देण्याचा हुकूम तो काढू शकतो. हे कागद काढायला आपले शिकलेले पोरं कामाला आली पाहिजेत. मोर्चाला घोषणा देणारे शंभर मिळतात, अर्ज लिहून देणारा एक मिळत नाही.

कर्ज फिटलं की पहिली शिल्लक विटांत घालू नकोस. तीन महिने पाळी मिळाली नाही तरी चूल पेटेल एवढा पैसा वेगळा ठेव. कुठं ठेवायचा? बँकेत किंवा पोस्टात. शेकडा दोन जास्त देतो म्हणून पतसंस्थेत नाही. २०२३ साली बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये मराठवाड्यातल्या लोकांचे पैसे अडकले. पेन्शनवाले, शेतमजूर, पोरीच्या लग्नाला साठवलेले, सगळे रस्त्यावर आले. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट यांच्या ठेवींना ते नाही. चकचकीत काचेचं दार आणि टाय घातलेला मॅनेजर बघून पैसा ठेवायचा नसतो.

आणि विमा. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मागणी केली होती की विमा सरकारच्या मक्तेदारीत असावा आणि प्रत्येक सज्ञान नागरिकाला त्याच्या मजुरीच्या बेतानं आयुर्विमा सक्तीचा करावा. ती मागणी पुरी झाली नाही. पण आज बँक खात्यावर वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा आणि २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. आपण जहाजाच्या फाळक्यात उतरणारी माणसं. डोक्यावरून टनांनी माल फिरतो. एका दारूच्या बाटलीच्या पैशात होणारं हे काम किती जणांनी केलंय ते आपापल्या टोळीत विचारून बघा.

तिसरा हिशोब कागदाचा. इथंच आपण पिढ्यान् पिढ्या मारले गेलो. निजामाच्या मुलखात १९५० साली कूळ कायदा आला, पण ज्याचं नाव कूळ म्हणून नोंदलं गेलं त्यालाच जमीन मिळाली. आमचा आजा शेत कसत होता. वहीत मात्र तो सालदार होता. कसणारा आणि नोंदलेला यात जी फट असते तिच्यात आपली सगळी मालकी गेली. १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या, तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होतं. घर जळालं की त्यातला कागदही जळतो. म्हणून कागदाची नक्कल घराबाहेर हवी, दुसऱ्या गावच्या पाहुण्याकडं, आणि आता मोबाइलमध्येही.

आता दलालांच्या हातात नवं बाहुलं आलंय. औंढा नागनाथ तालुक्यात लिगो प्रकल्प होतोय. अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी मोजणारी वेधशाळा. २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटींच्या खर्चाला मान्यता दिली. विज्ञानाचं मोठं काम आहे, आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावा असं. पण वेधशाळेचं नाव घेऊन कुणी तुला माळरानावर एक गुंठा विकायला आला तर त्याला चार कागद माग. चालू सातबारा, त्यावरचे इतर हक्क आणि बोजे. बिनशेतीचा आदेश. मंजूर लेआउटचा नकाशा. विकणाऱ्याच्या नावाचा फेरफार. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा, त्याचे नियम वेळोवेळी बदलत आले. म्हणून आजचा नियम तहसीलमध्ये जाऊन विचार, दलालाच्या जीपमध्ये बसून नको. शंभराच्या बाँडवर लिहून दिलेला प्लॉट म्हणजे प्लॉट नव्हे. नोंदणी झालेलं खरेदीखत ते खरं.

गावातल्या घराचंही तेच. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नाव आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, नुसत्या त्याच्यावर मालकी शाबीत होत नाही. गावठाणाची ड्रोननं मोजणी होऊन मालमत्ता पत्रक निघालं असेल तर त्यावर आपलं नाव आणि आपली हद्द बरोबर आहे का ते बघ. आणि नाव लावताना बायकोचंही लाव. बाईच्या नावावर घर खरेदी केलं तर २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे. पण सवलतीसाठी नाही, हक्कासाठी लाव. घर तिच्या मजुरीवरही उभं राहतं आणि दारू पिऊन विकायची अक्कल बहुतेक आपल्यालाच सुचते.

चौथा हिशोब खोलीचा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. समज, हिंगोलीत किंवा तालुक्याच्या गावी बापाच्या नावानं थोडी जागा आहे, कागद चोख आहे. दोन खोल्या, नळ, संडास, साधं काम, समज ४ लाख. एका खोलीत दोन पोरं, प्रत्येकी हजार रुपये. महिन्याला ४,०००. उन्हाळ्यात पोरं गावी जातात, म्हणून दहाच महिने धर. ४०,०००. घरपट्टी, डागडुजी, मोटर, रंग, बुडालेलं भाडं याचे ८,००० काढ. उरले ३२,०००. म्हणजे शेकडा ८. फ्लॅटच्या दुपटीहून जास्त, आणि तेही पोरांना स्वाधारच्या हजारात परवडेल असं भाडं ठेवून.

४ लाख आणायचे कुठून? एकदम आणायचेच नाहीत. महिन्याला ५,००० बाजूला पडत असतील तर एका खोलीचे २ लाख ४० महिन्यांत जमतात. पहिली खोली बांध. तिचं वर्षाचं १६,००० भाडं पुढच्या खोलीच्या डब्यात टाक, त्याला हात लावू नको. तुझे ६०,००० आणि ते १६,००० मिळून दुसरी खोली ३२ महिन्यांत उभी राहते. सहा वर्षांत दोन खोल्या आणि डोक्यावर एक पैशाचं कर्ज नाही. फ्लॅटवाल्याचे अजून चौदा वर्षांचे हप्ते बाकी असतात. महिन्याला ५,००० पडत नसतील, २,००० पडत असतील, तर वर्षं जास्त लागतील. हिशोब तोच राहील. आणि जागाच नसेल तर आधी जागा, घरकुलाचा अर्ज, राहतं घर. भाड्याची गोष्ट त्याच्या पुढची.

आता सगळ्यात कडू गोष्ट. मी राहतो ती झोपडी गोदीच्या कडेला, पोर्टच्या जमिनीवर. मी पोटभाडेकरू. पावती नाही, करारनामा नाही. पावसाळ्यात खालून पाणी, वरून पाणी. माझा घरमालक ब्राह्मण नाही, बनिया नाही. आपल्यातलाच आहे. त्याच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि भाड्याला दोन दिवस उशीर झाला की तो माझं लाइटचं कनेक्शन तोडतो. जयभीम घालतो आणि वायर काढतो. दोस्तहो, खोत व्हायला जात लागत नाही. हातात एक कुलूप आणि समोर एक गरजू माणूस, एवढं पुरतं.

म्हणून आपल्यातला जो कुणी खोली बांधील त्याच्यासाठी चळवळीची म्हणून काही शिस्त असली पाहिजे. करार लेखी आणि नोंदणी केलेला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानं ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदला नाही आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं आणि मालकाला शिक्षाही होऊ शकते. भाडं घेतलं की पावती, हेही त्याच कायद्यात आहे. पाणी आणि वीज तोडून माणसाला हुसकणं याला त्याच कायद्यानं बंदी आहे. अनामत एका महिन्याची, फार तर दोन. खोली घ्यायला आलेल्याला गाव विचारा, काम विचारा, आधार कार्ड बघा. आडनावावर तोंड वाकडं करू नका. मातंग असो, मुसलमान असो, पारधी असो, भटाचं गरीब पोरगं असो. ज्याला शहरात दार मिळत नाही त्याला आपल्याकडं मिळालं पाहिजे. एकट्या मुलीला, टाकलेल्या बाईला तर आधी. नाहीतर आपण बांधलेल्या खोल्यांनी वेशीचा दगड तेवढा इकडून तिकडं सरकेल.

आणि एक. आपण खोल्या बांधल्या म्हणून सरकार सुटलं असं होत नाही. वसतिगृहाची मागणी, स्वाधारची रक्कम वाढवण्याची मागणी, घरकुलाला जागा देण्याची मागणी, गायरानाची मागणी एक इंचही मागं घ्यायची नाही. हजार रुपयांत पोरगं राहतं कसं हे मंत्र्याला त्या पत्र्याखाली मे महिन्यात झोपवून दाखवलं पाहिजे. पण मोर्चातून परतलेल्या पोराला रात्री टेकायला एक खोली लागते. ती कुणाच्या मेहरबानीवर असू नये, एवढंच मागतोय.

तेव्हा दोस्तहो, दोन रुपयांची वही घ्या. डाव्या पानावर येणं लिहा, उजव्या पानावर जाणं. उचल लिहा, सावकार लिहा, दारू लिहा, जयंतीची वर्गणी लिहा, काही लपवू नका. वही दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही. महिनाभर लिहा. मग खाली रेघ मारा आणि उरतं किती ते बघा. ज्याच्या रेघेखाली काही उरतं त्यानं पहिली वीट कुठं ठेवायची ते ठरवावं. ज्याच्या रेघेखाली वजाबाकी येते त्यानं ती कुणामुळं येते ते शोधावं आणि त्याच्याशी भांडायला आमच्याकडं यावं. दोघांचीही जागा चळवळीत आहे. वही न उघडता घरमालक व्हायला निघालेल्याची जागा तेवढी दलालाच्या जीपमध्ये आहे.